कुंडातली साक्ष

“शनिवारी कुंड भरावं लागेल, काका,” पाळक म्हणाले आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागले.

काका व्यासपीठाच्या फळ्या ओल्या फडक्याने पुसत होते. त्यांचा हात थांबला. पाळक माणूस तरुण आणि तोंडाचा मोकळा. बाप्तिस्मा घ्यायला कोणी पुढे आले की त्याचे नाव, नोकरी, घरची माणसे, सगळे एका दमात सांगून टाकायचे. आज त्यांनी नाव गिळले होते.

“कोण उतरणारंय?”

“एकच जण आहे.”

“एकच जण म्हणजे कोण?”

पाळकांनी खिडकीची कडी उगाच लावून पाहिली. “वायरमन,” ते म्हणाले. “मला कल्पना आहे तुम्हाला काय वाटेल. पण प्रभूने त्याला धरलंय, काका. त्याने सगळंच्या सगळं येशूला देऊन टाकलंय.”

“सगळं म्हणजे काय काय, ते विचारलंत?”

पाळक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी फडके पिळले आणि पुसलेलीच फळी पुन्हा पुसायला घेतली.

चर्च झाडणे, बाके पुसणे, घंटा वाजवणे ही त्यांची रोजची कामे. पण मुले त्यांना पाणीकाका म्हणत ती कुंडामुळे. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली फरशीचे कुंड होते, कमरेइतके खोल. ते घासायचे, भरायचे, हीटर लावून पाणी कोमट करायचे आणि पाण्यातून वर येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, हे सगळे काकांकडे. या मंडळीची रीत अशी की बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी पाण्यात उभे राहून साक्ष द्यायची. आपण कोण होतो आणि येशूने आपल्याला कुठून उचलले, हे सर्वांसमोर सांगायचे. मगच पाळक त्याला पाण्याखाली नेत.

त्यामुळे काकांच्या कानांवरून पुष्कळ साक्षी गेल्या होत्या. मुलगी पटवायला उतरलेला पाहिला होता, मिशनच्या शाळेत चिकटायला उतरलेला पाहिला होता. एक बाई तर इतकी रडली होती की पाण्याची पातळी वाढली असेल असे काकांनी घरी येऊन सांगितले होते. पुढच्या रविवारपासून ती दिसली नाही. येशू क्षमा करतो याबद्दल काकांच्या मनात कधीच शंका नव्हती. क्षमा करण्याआधी तो थोडी चौकशी करतो की नाही, एवढेच त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

आणि आता हा वायरमन. त्यांच्या मुलीचा नवरा. कागदावर अजून नवराच. घरात त्याचे नाव निघत नव्हते.

मुलगी शाळेची व्हॅन चालवायची. रस्त्याने जाताना पोरे खिडकीतून तिच्या नावाने ओरडत. एका संध्याकाळी नवरा-बायको त्याच व्हॅनने कोणाकडून तरी परत येत होते. वळणावर व्हॅनने एका सायकलवाल्याला उडवले आणि ती खांबावर जाऊन आदळली. सायकलवाला वाचला, पण त्याचा एक पाय कामातून गेला. मुलगी शुद्धीवर आली ती दवाखान्यात, आणि त्या संध्याकाळचे तिला काहीही आठवेना. वायरमनने पोलिसांना सांगितले की गाडी ती चालवत होती. तिची रोजची गाडी, तीच चालवणार. शंका घ्यायचे कोणाला कारणच नव्हते. तिचे लायसन्स गेले. शाळेने तिला काढले. ज्यांची मुले ती वर्षानुवर्षे सुखरूप घरी सोडत आली, त्या आया रस्त्यात ती दिसली की मुलांचा हात घट्ट धरू लागल्या. नवराही थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी काम लागले म्हणून जो गेला तो गेलाच.

शंका एकट्या काकांनी घेतली होती. “ती त्या वळणावर जोरात जाणारच नाही,” असे ते पोलिसांना, वकिलाला, शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगून आले. बापाची माया म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतले. मुलगीही म्हणाली, “पुरे करा, बाबा. मीच असेन.” तेव्हापासून ती दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत होती, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या सायकलवाल्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला पाण्याच्या कळशा भरून देत होती. चर्चला येणे तिने सोडले होते.

बुधवारच्या प्रार्थनासभेला काका मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले. वायरमन पुढे गुडघे टेकून होता. अंगाने उतरला होता, केस विरळ झाले होते. प्रार्थना संपल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. रुमालाची इस्त्रीची घडी मोडली नाही हे काकांनी पाहून ठेवले. नंतर त्याने गायनवर्गाचा खरखरणारा माइक दुरुस्त करून दिला. बायका त्याचे कौतुक करत होत्या. कोणी म्हणाले, प्रभू माणसाला काय बदलतो बघा. सगळे गेल्यावर काकांनी माइक चालू करून पाहिला. आवाज स्वच्छ येत होता. त्याचाही त्यांना रागच आला.

दाराशी तो त्यांना आडवा आला. सासऱ्याला तो पहिल्यापासून मामा म्हणत असे.

“मामा, बरे आहात ना?”

“मी बराच आहे. तू कधी आलास आणि का आलास ते सांग.”

“रविवारी सांगतो,” तो म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

काका घरी जाईपर्यंत त्याच दोन शब्दांना चावत राहिले. हा पूर्वी गोड बोलायचा तेव्हा निदान काय हवे ते कळायचे. आता हा कमी बोलायला शिकला होता.

घरी मुलगी स्टूलवर बसून बुटांना पॉलिश करत होती. तिचे ते काळे बूट, व्हॅन चालवतानाचे, माळ्यावर पडून होते. काकांनी चहा गाळायच्या निमित्ताने दोनदा तिच्या तोंडाकडे पाहिले.

“कुठे जायचंय?”

“रविवारी चर्चला येणारंय मी.”

गाळणीतला चोथा कपात पडला. “तो भेटला तुला?”

“लॉन्ड्रीच्या दारात आला होता.”

“आणि?”

“रविवारी ये म्हणाला. मागे बस, पण ये.”

“आणखी काय मागितलं?”

“काही नाही, बाबा.”

“तो काही न मागता कुणाच्या दारात उभा राहत नाही.”

तिने बुटाचे टोक उजेडात धरून पाहिले. “तुम्ही पोलिसात जायला हवं होतं,” ती म्हणाली. “अर्ध्या गावाला आत टाकलं असतंत.”

ती हसत होती, आणि नेमके तेच काकांना टोचले. इतक्या दिवसांत ती थट्टा करायची विसरली होती. तो दोन मिनिटे दारात येऊन उभा राहतो आणि हिच्या तोंडावर हसू येते, याचा अर्थ त्यांना एकच दिसत होता. हा पाण्यात उतरणार, चार अश्रू ढाळणार, मंडळी त्याला मिठ्या मारणार, पाळक क्षमेवर बोलणार, आणि तेवढ्यावर ही आपली पेटी भरून त्याच्याकडे निघणार. पुन्हा एकदा ती त्याच्या शेजारी जाऊन बसणार आणि पुन्हा कुठल्यातरी वळणावर तो हिला पुढे करून आपण निसटणार. देवाच्या घरात, सगळ्यांच्या टाळ्यांत. आणि या सोहळ्याचे पाणी भरणार कोण, तर ते स्वतः.

शनिवारी त्यांनी कुंड घासले, पाइप सोडला, पाणी खुणेपर्यंत येऊ दिले. दिवस थंडीचे होते. नळाचे पाणी हाताला झोंबत होते. हीटर पाण्यात सोडून बटन दाबायचे तेवढे राहिले होते. काका बटनासमोर उभे राहिले.

कोमट पाण्यात माणूस सैलावतो, हे त्यांचे जुने निरीक्षण. कमरेपर्यंत ऊब लागली की जीभ सुटते, साक्ष लांबते, शब्दांना साखर चढते. आणि या माणसाच्या जिभेला तर मुळातच साखर. गारठलेल्या माणसाला इतके सजवून बोलता येत नाही. फार तर दोन वाक्ये बोलेल आणि उडी मारून बाहेर येईल. ती मागे बसून बघेल, की येशूसाठी सगळे सोडलेल्या माणसाला थोडा गारठा सोसत नाही. पाळकांची काळजी नव्हती. ते झग्याच्या आत छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालतात, त्यांना पाणी लागत नाही.

काकांनी बटन दाबले नाही. हीटर मात्र नेहमीसारखा पाण्यात सोडून ठेवला.

रविवारी चर्च भरले होते. वायरमन परत आलाय ही बातमी पसरली होती, आणि अशा बातमीला माणसे उपासनेपेक्षा जास्त येतात. मुलगी काळे बूट घालून शेवटच्या बाकाच्या टोकाला बसली. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिले आणि आपल्या मुलीला जवळ ओढले. काका कुंडाच्या पायऱ्यांशी टॉवेल घेऊन उभे होते. तिथून त्यांना दोघेही दिसत होते.

आधी पाळक उतरले. मग वायरमन पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरू लागला. पहिल्या पायरीला त्याचा श्वास अडकलेला काकांना ऐकू आला. तो थांबला. काकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिले. त्याने एकदा खाली बुडालेल्या हीटरकडे पाहिले, मग पुढची पायरी उतरला, त्यापुढची उतरला, आणि कमरेपर्यंत पाण्यात जाऊन मंडळीकडे तोंड करून उभा राहिला.

“माझं बोलणं थोडं लांबेल,” तो म्हणाला.

झाले, काका मनात म्हणाले.

“मी पाळकांना सांगितलं की मी येशूला सगळं दिलं. दारू दिली. राग दिला. रोज प्रार्थना करतो. ते सगळं खरं आहे.” त्याचे दात वाजत होते, तो थांबून जबडा आवळत होता आणि पुन्हा बोलत होता. “पण प्रार्थनेला बसलो की रोज एक गोष्ट पुढे यायची. मी म्हणायचो, प्रभू, ही सोडून बाकी सगळं घे. तो बाकीचं घ्यायचाच नाही. गाव बदललं, चर्च बदललं. तिथेही तेच.”

पाळकांनी त्याच्याकडे पाहिले. हे त्यांनाही नवीन होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते.

“त्या संध्याकाळी व्हॅन मी चालवत होतो. मी प्यायलो होतो. ती नको म्हणत होती, मी किल्ली हिसकावून घेतली. सायकलवाला मला दिसला होता. पाय ब्रेकवर जायला उशीर झाला. ती बेशुद्ध होती. लोक यायच्या आधी मी तिला उचलून स्टिअरिंगमागे बसवलं.”

पुढच्या बाकावरच्या बाईने मुलीचा हात सोडला.

“बसवताना तिचा बूट पायातून निघाला. मी तो परत तिच्या पायात घातला. इतकं मला भान होतं.” त्याचे ओठ निळे पडले होते. “येशूने मला क्षमा केली असं म्हणायला मला आवडेल. पण त्याने जे पुढ्यात ठेवलं, ते मी अजून केलेलं नाही. मी इथून पोलीस ठाण्यात जाणार आहे. आधी इथे बोललो, कारण तिचं नाव इथे तुमच्यात खराब झालं. ते इथेच धुतलं जायला हवं.” तो पाळकांकडे वळला. “आता मला बुडवायचं असेल तर बुडवा. नसेल तर मी वर येतो.”

पाळकांनी एकदा शेवटच्या बाकाकडे पाहिले. मग त्यांनी एक हात त्याच्या पाठीमागे धरला आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला पाण्याखाली नेले.

माणसे रडत होती. पुढच्या बाकावरची बाई तोंडाला पदर लावून मान वळवत होती आणि पुन्हा समोर बघत होती. काकांची नजर मात्र शेवटच्या बाकावर होती. मुलगी ताठ बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हते. लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते आणि ती एकेकाच्या डोळ्यांत बघत होती, जणू मुलांना व्हॅनमध्ये चढवताना डोकी मोजत असावी.

काकांच्या मनात अजून हिशेब चालू होता. इथे बोलायला काय लागते? इथे कुठे पोलीस बसलेत? कबुली द्यायची, टाळ्या घ्यायच्या, आणि ठाण्याच्या रस्त्यावर पाय दुसरीकडे वळवायचे. हा त्यातलाच.

वायरमन पायऱ्या चढून वर आला. काकांनी हात लांब करून टॉवेल पुढे केला. त्याने धरायचा प्रयत्न केला, पण बोटे मिटेनात. टॉवेल खाली पडला. काकांना वाकावे लागले, आणि उचलल्यावर तो त्याच्या खांद्यांवर टाकून पुढून आवळून धरावा लागला, कारण त्याला तो धरता येत नव्हता. त्याचे सगळे अंग त्यांच्या मुठीत थरथरत होते.

“मामा,” तो पुटपुटला, “हीटर एकदा बघून देऊ का?”

काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्यात टोमणा नव्हता, निदान दिसत तरी नव्हता. वायरमन माणूस, हीटर दिसला तर विचारणारच. का याला सगळे कळले होते? काकांना ठरवता येईना. “नको,” ते म्हणाले आणि टॉवेल सोडला.

उपासना संपल्यावर मुलगी आवारात झाडाखाली उभी होती. तीन-चार बायका तिच्याशी बोलायला म्हणून जवळ आल्या होत्या आणि काय बोलावे ते न सुचून गेल्या होत्या. काका तिच्यापाशी गेले.

“मी परत नाही जाणार त्याच्याकडे,” त्यांनी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. “लॉन्ड्रीच्या दारातच सांगितलं होतं त्याला. तोही म्हणाला, ते मागायला नाही आलो.”

“मग मला का नाही बोललीस?”

“तुम्ही विश्वास ठेवला असता?” ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “मी चालवत नव्हते, बाबा.”

“मी म्हणतच होतो.”

“तुम्ही म्हणत होता. मला माहीत नव्हतं.”

तेवढ्यात मागच्या दाराने वायरमन बाहेर पडला. केस ओलेच होते. पाळक सोबत यायला निघाले होते. तो त्यांना हाताने नको म्हणत होता. फाटकातून तो एकटाच रस्त्याला लागला. काकांनी कोटाची बटने लावली.

“कुठे निघालात?” मुलीने विचारले.

“बघून येतो. खरंच जातो का ते.”

तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली. “जा. नाहीतर तुम्हाला जेवण जायचं नाही.”

रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा होता आणि मोकळ्या रस्त्यावर माणसाच्या मागे लपून जाणे अवघड. काका भिंतीच्या कडेने, बंद दुकानांच्या पायऱ्या ओलांडत चालले. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने त्यांना हटकले, कोण हवंय? काकांनी तिला हात जोडले आणि पुढे सटकले.

बसथांब्याशी वायरमन थांबला. काका तिथेच खांबाआड उभे राहिले. ठाऊक होते मला. समोरून बस येत होती, गावाबाहेर जाणारी. ती थांबली, दार उघडले. वायरमन बाकावर बसला होता, कोपरे गुडघ्यांवर आणि तोंड दोन्ही हातांत. कंडक्टरने त्याला काहीतरी विचारले. त्याने मान वर केली नाही. काकांना त्याची पाठ दिसत होती. केसांतून अजून पाणी कॉलरवर उतरत होते आणि वारा सुटला की ती पाठ आक्रसत होती. चढ, काका मनात म्हणाले. चढ आणि मला खरा कर. पण तसे म्हणताना आपल्याला ते हवे आहे की नको आहे, हे त्यांचे त्यांना नीट कळले नाही. बस गेली. तो काही वेळ तसाच बसला. मग उठला, तळहात पँटला पुसले आणि चालू लागला.

पोलीस ठाण्याच्या पायरीवर तो पुन्हा थांबला नाही. सरळ आत गेला.

काका समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. या ठाण्याला मागचेही दार आहे, हे त्यांना अपघातानंतरच्या फेऱ्यांमुळे माहीत होते. म्हणून ते जरा सरकून असे उभे राहिले की पुढचे दार आणि मागच्या दाराकडून येणारा बोळ दोन्ही दिसावीत. एक माणूस हरवलेल्या मोबाइलची तक्रार देऊन बाहेर आला. एक बाई कोणाला तरी शिव्या देत आत गेली आणि शिव्या देतच बाहेर आली. ऊन फुटपाथवरून सरकून रस्त्यावर गेले. वायरमन आला नाही. आता उभे राहण्याचे काही कारण उरले नव्हते. जे बघायला आले होते ते बघून झाले होते. काकांना भूकही लागली होती. तरी पाय निघेनात.

बऱ्याच वेळाने दारावरचा हवालदार रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी आला. तरुण होता, त्या वेळच्यांपैकी नव्हता.

“आजोबा, केव्हाचा बघतोय तुम्हाला. कुणाची वाट बघताय?”

“आत एक जण आलाय. ओल्या केसांचा.”

“ते होय. त्यांना वेळ लागेल. साहेबांना बोलावलंय घरून. आज सुटतील असं वाटत नाही.” हवालदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “तुम्ही कोण त्यांचे?”

काकांनी ठाण्याच्या दाराकडे पाहिले.

“सासरा,” ते म्हणाले. मग गळ्यातला लोकरी मफलर काढून त्याची घडी घातली आणि हवालदारापुढे धरली. “एवढं आत द्याल का? त्याचं डोकं ओलं आहे.”